लाकडावरची ब्रॅकेट बुरशी कशी ओळखावी: सह्याद्रीत आणि शहराच्या टेकड्यांवर फिरणाऱ्या नवख्यांसाठी

पावसाळ्यात मेलेल्या खोडांवर, पडलेल्या ओंडक्यांवर, कुंपणाच्या जुन्या खांबांवर आडवी चिकटलेली अर्धगोल, कडक, चामड्यासारखी नाहीतर थेट लाकडासारखी कवके दिसतात. हीच ब्रॅकेट बुरशी. बहुतेकजण वरून एक फोटो काढतात, मोबाइलच्या ॲपमध्ये टाकतात आणि जे नाव येईल ते लिहून मोकळे होतात. त्यातली बरीच नावे युरोप-अमेरिकेतल्या जातींची असतात, कारण तिथले फोटो जास्त आहेत. आपल्या ऐन-हिरड्याच्या रानात काय उगवते याची जाण ॲपला फारशी नसते.

माझे सांगणे थोडक्यात असे: ही बुरशी वरून ओळखता येत नाही. ती खालून ओळखायची, मग कापून आतून, मग लाकडावरून. वरचा रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की निम्मा गोंधळ जागच्या जागी संपतो.

१. केव्हा जावे, कुठे बघावे

बुरशीचे खरे शरीर लाकडाच्या आत पसरलेले कवकतंतूंचे जाळे असते. आपल्याला बाहेर दिसते ते फक्त बीजाणू सोडणारे फळ. मऊ अळंबी दोन-चार दिवसांत विरघळतात, पण ब्रॅकेट महिनोन्‌महिने टिकते, काही जातींचे तर वर्षानुवर्षे. म्हणून एप्रिलच्या उन्हातही ती सापडतात. तरी शिकायला सर्वात चांगला काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा. जूनमध्ये उगवलेली पिल्ले सगळी सारखीच पांढरी, गोलमटोल दिसतात आणि त्यांच्यावर वेळ घालवून हाती काही लागत नाही. सप्टेंबरात ती पूर्ण वाढलेली असतात, खालची छिद्रे उघडलेली असतात आणि बीजाणू पडत असतात.

सुरुवातीला लांबच्या जंगलात जायची गरज नाही. आमराईत छाटून टाकलेल्या फांद्या, रस्त्याकडेचे गुलमोहर आणि शिरीष, पुण्याच्या टेकड्यांवरची वाळलेली गिरिपुष्प, कोकणातल्या परसातला जुना फणस एवढे पुरेसे आहे. ओळखीच्या झाडावर शिकण्याचा मोठा फायदा म्हणजे लाकूड कोणते हे आधीच ठाऊक असते.

२. सोबत काय घ्यावे

- १० पट मोठे दाखवणारे भिंग. सोनाराकडे असते तसले घडीचे भिंग चांगले.
- धारदार चाकू आणि जाड ब्रॅकेटसाठी छोटा कोयता किंवा करवत.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी.
- छोटा आरसा. ब्रॅकेट न तोडता खालची बाजू बघता येते.
- कागदी पिशव्या. प्लास्टिकच्या नकोत. प्लास्टिकमध्ये नमुना घामेजतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवी बुरशी चढते.
- वही आणि पेन्सिल. पावसात शाई पसरते.
- पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे ५ टक्के द्रावण, ड्रॉपर असलेल्या प्लास्टिकच्या लहान बाटलीत. शाळा-कॉलेजांना रसायने पुरवणाऱ्या दुकानात ते मिळते. हे दाहक असते. डोळ्यांना आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. भीमाशंकर, कर्नाळा किंवा संजय गांधी उद्यानातून परवानगीशिवाय बुरशीचा तुकडाही उचलायचा नाही. नमुने हवेच असतील तर वनखात्याचे लेखी परवानगीपत्र आणि स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवा. देवराईत काही तोडू नये हा गावाचा नियम आहे आणि तो पाळावाच. तिथे आरसा आणि कॅमेरा पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. पडलेल्या ओंडक्याखाली सरळ हात घालू नये. कोकणात फुरसे आणि घाटात मण्यार, घोणस अशाच जागी असतात. ओंडका उलटायचाच असेल तर पलीकडची कड धरून स्वतःकडे ओढावा, म्हणजे खाली जनावर असले तर त्याला पलीकडून निघून जायला वाट मिळते.

३. तोडण्याआधी लाकूड वाचा

ओळखीच्या क्रमात लाकूड तिसरे असले, तरी ते तोडण्याआधीच बघायचे असते, म्हणून वहीत पहिली ओळ लाकडाची असावी. झाड कोणते, उभे की पडलेले, जिवंत की मेलेले, ब्रॅकेट बुंध्याशी आहे की उंच फांदीवर. झाडाचे नाव माहीत नसेल तर साल, जवळची पाने आणि आसपासची तशीच झाडे यांचा फोटो घ्या. नंतर कोणीतरी सांगू शकेल.

मग कूज कशी आहे ते बघा. लाकूड पांढरट, तंतुमय, ओले झाल्यावर मऊ होत असेल तर ती पांढरी कूज. यात बुरशीने लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, तेही खाल्लेले असते. लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत तडकत असेल आणि बोटांनी चुरा होत असेल तर तपकिरी कूज. तिथे सेल्युलोज, म्हणजे लाकडातले तंतुमय द्रव्य, गेले आणि लिग्निन मागे राहिले. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांवर दिसणारी बहुतेक ब्रॅकेट पांढरी कूज करणारी असतात. म्हणून तपकिरी कूज स्पष्ट दिसली तर ती ठळक नोंदवा. तेवढ्या एका नोंदीने पुष्कळ नावे बाद होतात.

ब्रॅकेट कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही पाहावे. छिद्रे नेहमी जमिनीकडे उघडतात, कारण बीजाणू त्यातून सरळ खाली पडायचे असतात. कधी एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर ब्रॅकेट उभे दिसते, छिद्रे बाजूला, आणि त्याच्याच कडेला नवी वाढ बरोबर आडवी झालेली. म्हणजे झाड उभे असताना बुरशी उगवली, मग झाड पडले आणि बुरशीने पुन्हा नव्याने खालची दिशा धरली. असा नमुना सापडला तर जागेवरच नीट फोटो घ्या, तोडल्यावर ही गोष्ट दिसत नाही.

फोटो किमान पाच: दुरून संपूर्ण लाकूड, वरची बाजू, खालची बाजू, कड आणि चिकटण्याची जागा, कापलेला छेद. प्रत्येकात पट्टी ठेवा.

४. खालची बाजू: इथे सर्वात जास्त वेळ द्या

आरसा धरून किंवा तुकडा उलटा करून पहिला प्रश्न विचारायचा: खाली काय आहे? उत्तरे चार.

*छिद्रे.* बारीक टाचणीने टोचल्यासारखी भोके. हा पॉलिपोर गट, आणि तुमची बहुतेक सापडणारी ब्रॅकेट यातलीच.

*कल्ले.* पापुद्र्यांसारख्या उभ्या पट्ट्या.

*काटे किंवा दातरे.* छिद्रांच्या भिंती फाटून चपटे दात झालेले.

*अगदी गुळगुळीत.* ना छिद्र, ना कल्ला. स्टीरियम नावाची ब्रॅकेट आणि तिचे सोयरे.

छिद्रे असतील तर ती मोजायची. नवखे हे टाळतात, पण एका मिलिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात हा आकडा ओळखीत फार उपयोगी पडतो. पट्टीची कड छिद्रांवर टेकवा, भिंगातून एक मिलिमीटरच्या खुणांमधली छिद्रे मोजा, दोन-तीन जागी मोजून आकड्यांचा पल्ला लिहा, जसे ‘४ ते ५’. डोळ्यांना जमत नसेल तर मोबाइलने पट्टीसकट जवळून फोटो काढून तो मोठा करा. कडेजवळ मोजू नका, तिथे छिद्रे अर्धवट असतात. उभ्या, तिरक्या पृष्ठभागावरही मोजू नका, तिथे ती ताणून लांबट झालेली असतात.

छिद्रांचा आकार लिहा: गोल, कोनीय, षटकोनी, लांबट, नागमोडी. ताज्या छिद्रांवर नखाने हलकी रेघ ओढा आणि रंग बदलतो का बघा. गॅनोडर्मा या ब्रॅकेटच्या (ओळख पुढे सातव्या भागात) ताज्या पांढऱ्या पृष्ठभागावर रेघ लगेच तपकिरी उमटते. गॅनोडर्मा अप्लॅनाटमच्या खालच्या बाजूवर लोक काडीने चित्रे काढतात ती याच गुणामुळे.

५. कापा आणि आतला रंग बघा

चाकूने वरपासून खालपर्यंत उभा छेद घ्या. वरचा भाग, म्हणजे साल आणि छिद्रनलिका यांच्या मधला गर, कोणत्या रंगाचा आहे? पांढरा, मलई, लालनारिंगी की तपकिरी? पांढरा गर आणि तपकिरी गर हे ब्रॅकेट बुरशीतले दोन मोठे वाडे आहेत, आणि कोणत्या वाड्यात शिरायचे हे इथे ठरते.

नलिकांचे एकावर एक थर दिसत असतील तर बुरशी बहुवर्षायू आहे. एक थर म्हणजे बरोबर एक वर्ष असे मात्र धरू नका. आपल्या हवामानात एका वर्षात एकापेक्षा जास्त थर वाढू शकतात.

आता गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब. तपकिरी गर झटकन काळा पडला आणि काळाच राहिला तर फेलिनस (हाही सातव्या भागात भेटेल) आणि त्याच्या भाऊबंदांच्या कुळाकडे वळा. इथे एक सापळा आहे: गॅनोडर्माचा तपकिरी गरही या थेंबाने गडद होतो. दोघांत फरक करायचा तो छिद्रांच्या रंगावरून. गॅनोडर्माची ताजी छिद्रे पांढरट, फेलिनसची तपकिरीच. पांढऱ्या गरावर थेंब टाकून फार काही घडत नाही. ‘काही बदल नाही’ हीसुद्धा नोंदच आहे, ती लिहा.

६. बीजाणूंचा ठसा

ताजा तुकडा छिद्रे खाली करून अर्धा काळा, अर्धा पांढरा अशा कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. पांढरे बीजाणू काळ्या भागावर दिसतात, तपकिरी पांढऱ्यावर. वाळलेली किंवा जुनी ब्रॅकेट ठसा देत नाहीत. नाही आला तर हट्ट धरू नका.

गॅनोडर्माला ठशाची गरजच पडत नाही. त्याचे बीजाणू इतके भरमसाट असतात की खालची पाने, कोळ्याची जाळी आणि ब्रॅकेटची स्वतःची वरची बाजूसुद्धा तांबूस तपकिरी भुकटीने माखते. त्यामुळे चकचकीत गॅनोडर्मा वरून मळकट, निस्तेज दिसतो आणि लोक त्याला दुसरेच काही समजतात. ओल्या बोटाने पुसून बघा, खालून लाखेची चमक निघते.

७. आता नावाकडे: आधी या ओळखी करून घ्या

सगळ्या जाती एकदम शिकायला जाऊ नका. पुढची मंडळी वारंवार भेटतात, त्यांची ओळख पक्की झाली की बाकीच्या आपोआप वेगळ्या दिसू लागतात.

पिक्नोपोरस सँग्विनियस. पातळ, भडक नारिंगी-लाल, वर, खाली आणि आतसुद्धा. उन्हातल्या उघड्या लाकडावर, अगदी कुंपणाच्या खांबांवरही. हिच्या बाबतीत फसवणूक उन्हामुळे होते. वरची बाजू उडून फिकट, जवळजवळ पांढरट होते, खालची लालच राहते. सध्या पुष्कळ अभ्यासक हिला ट्रॅमेटिस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घालतात, म्हणून दोन्ही नावे दिसली तरी गोंधळू नका.

शायझोफायलम कम्यून. आंब्याच्या वाळक्या फांदीवर हमखास. वरून पांढरट-राखाडी, लोकरीसारखी, जेमतेम नखाएवढी ते दोन बोटे रुंद. खाली कल्ले असतात आणि प्रत्येक कल्ला लांबीत मधोमध चिरलेला असतो. भिंगाखाली हे स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात चिरलेल्या कडा आत वळून कल्ला मिटतो, पाण्यात टाकली की काही तासांत पुन्हा उघडते. शिकणाऱ्याने पहिल्यांदा हीच बघावी, कारण चूक व्हायला जागाच नाही.

हेक्सागोनिया. खाली मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी छिद्रे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारी. हेक्सागोनिया टेन्युइस कागदासारखी पातळ आणि वरून गुळगुळीत. हेक्सागोनिया एपिॲरिया जाड, वर काळसर राठ केस, आणि छिद्रे काही मिलिमीटर रुंद.

मायक्रोपोरस झँथोपस. जमिनीवर पडलेल्या बारीक काटक्यांवर. पातळ नरसाळे, वर तपकिरी छटांचे गोल गोल पट्टे, खाली पिवळा देठ. छिद्रे इतकी बारीक की खालची बाजू गुळगुळीत वाटते, आणि म्हणूनच भिंग न लावता ‘छिद्रे नाहीत’ असे लिहिले जाते.

अर्लिएला स्कॅब्रोसा. ओंडक्याला अर्धी चिकटलेली, अर्धी बाहेर आलेली. वर गडद तांबडा पापुद्रा बुडाकडून पसरत जातो, कड पांढरी, गर पांढरा, छिद्रे वेडीवाकडी.

फ्लाव्होडॉन फ्लाव्हस. वरून राखाडी, केसाळ, दुर्लक्ष व्हावे अशी. उलटली की पिवळाजर्द दातेरी पृष्ठभाग. जुनी झाली की तो तपकिरी होतो.

गॅनोडर्मा. वर सांगितलेच आहे. गुलमोहर, शिरीष, सुबाभूळ यांच्या बुंध्याशी, माडाच्या बुडाशीही. ॲप याला हटकून ‘गॅनोडर्मा लुसिडम’ म्हणते. ते नाव १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या बुरशीला दिलेले आहे. आशियातल्या चकचकीत गॅनोडर्मांपैकी पुष्कळ वेगळ्या जाती आहेत, अगदी चीनमध्ये लागवड होणारे औषधी गॅनोडर्मासुद्धा आता वेगळ्या नावाने ओळखले जाते. तुम्ही ‘गॅनोडर्मा, चकचकीत गटातला’ एवढेच लिहा. ते खरे आहे आणि पुरेसे आहे.

फेलिनस. जड, लाकडासारखा, खुराच्या आकाराचा, वर भेगाळलेला, आत गंजाच्या रंगाचा. फणसावर वाढणाऱ्याला आपल्याकडे फणसोंबा म्हणतात आणि लहान मुलांच्या तोंड येण्यावर, लाळ गळण्यावर तो उगाळून देण्याची रीत आहे. मात्र याच नावाखाली एकाहून जास्त जाती गोळा होतात आणि विकल्या जातात. म्हणून नवख्याने ओळखीच्या आनंदात स्वतः गोळा केलेला तुकडा औषध म्हणून कोणाला देऊ नये. हाच नियम कोणत्याही ब्रॅकेटच्या काढ्याला आणि पावडरीला.

पट्टेदार पातळ ब्रॅकेट या शीर्षकाखाली मी मुद्दाम कोणतीच जात देत नाही. रंगीत गोल पट्टे ट्रॅमेटिसच्या अनेक जातींत, स्टीरियममध्ये, मायक्रोपोरसमध्ये सगळीकडे असतात, आणि ॲप प्रत्येकाला ‘टर्की टेल’ म्हणजे ट्रॅमेटिस व्हर्सिकलर करून टाकते. उलटून बघा. गुळगुळीत असेल तर स्टीरियम. कल्ले असतील तर लेन्झायटिसचा गट तपासा. छिद्रे असतील तर मोजा. व्हर्सिकलरमध्ये ती मिलिमीटरला साधारण ३ ते ५ असतात, गर पांढरा असतो आणि वर बारीक मखमली केसांचे आणि गुळगुळीत असे आलटून पालटून पट्टे असतात. यातले एकही जुळले नाही तर नुसते ‘ट्रॅमेटिस?’ लिहून पुढे जा.

८. नाव कुठे थांबवायचे

बरीच ब्रॅकेट नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने जातीपर्यंत ओळखता येत नाहीत. बीजाणूंचा आकार आणि भिंत, कवकतंतूंचे प्रकार, फेलिनसच्या कुळातले टोकदार तपकिरी काटे हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते, काही वेळा डीएनएही. म्हणून प्रजातीवर थांबायला लाजू नका. ‘फेलिनस, फणसावर, छिद्रे ६ ते ७, गर थेंबाने काळा’ ही नोंद अभ्यासकाच्या कामाची आहे. चुकीच्या जातीचे पूर्ण नाव मात्र पुढे नकाशांत आणि याद्यांत जाऊन बसते आणि तिथून काढायला फार त्रास पडतो.

नावे तपासायला इंडेक्स फंगोरम ही खुली सूची वापरा, जुने नाव टाकले की सध्याचे कळते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ॲपने सुचवलेले नाव आपोआप स्वीकारू नका. खालच्या बाजूचा आणि छेदाचा फोटो जोडा, कारण जाणकार माणूस आधी तेच मागतो.

जिवंत झाडाच्या बुंध्याशी गॅनोडर्मा दिसला आणि झाड रस्त्याकडेला असेल तर एक काम जरूर करा: पालिकेच्या उद्यान विभागाला फोटो आणि जागा कळवा. आतले लाकूड पोकळ होत असते आणि वादळात झाड पडू शकते. ब्रॅकेट खरवडून काढल्याने झाड बरे होत नाही, बुरशी आतच असते. झाड तोडायचे की नाही हे पालिकेने ठरवायचे, शहरी भागात त्याला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते.

९. नमुना जपायचा असेल तर

एका ब्रॅकेटचा पुरेसा तुकडा घ्या, बाकीची लाकडावर राहू द्या. त्यात भुंगेऱ्यांच्या पिढ्या वाढत असतात. घरी आणल्यावर त्याच दिवशी वाळवायला लावा: पंख्याखाली, किंवा ४० ते ४५ अंशांच्या उबेत. मायक्रोवेव्ह नको, चुलीवर भाजणेही नको. जाड तुकडे आतून ओले राहतात, ते चिरून वाळवा. पूर्ण वाळल्यावर बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर आतले किडे काही महिन्यांत नमुन्याची भुकटी करतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, दव धरते.

प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवी: तारीख, गाव आणि तालुका, उंची माहीत असल्यास ती, झाड, कूज, छिद्रांचा आकडा, गराचा रंग, थेंबाचा परिणाम, तोडणाऱ्याचे नाव. चिठ्ठी पिशवीच्या आतही असावी, बाहेरची निघून पडते. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीच्या वाळवलेल्या नमुन्यांचा आजरेकर संग्रह आहे. अशा ठिकाणी किंवा जवळच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात काही दाखवायचे असेल तर आधी पत्र किंवा मेल करून विचारा, सोबत फोटो आणि चिठ्ठीतला मजकूर पाठवा आणि होकार आल्यावरच नमुना न्या. तुकड्याचे दोन भाग करून एक स्वतःजवळ ठेवा, म्हणजे उत्तर आल्यावर भिंगाखाली पडताळून पाहता येईल.